आठवडाभराची मनगटी नोंद: पार्किन्सन्सच्या गोळ्यांचं वेळापत्रक नेमकं करण्यासाठी

लेवोडोपा हे पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, मुख्य औषध शरीरात फार वेळ टिकत नाही. ते मेंदूत पोहोचेपर्यंत टिकावं म्हणून कार्बिडोपा या दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिलं तरी साधारण दीड तासात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी ते साठवून थोडं थोडं वापरतात, म्हणून तीन गोळ्यांत दिवस निघतो. पुढे ही साठवण घटते आणि शरीर रक्तातल्या चढउताराच्या तालावर चालायला लागतं. गोळी लागू पडली की शर्टाची बटणं लावता येतात, उतरली की खुर्चीतून उठवत नाही. या दोन अवस्थांना 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात.

ओपीडीत यातलं फार थोडं दिसतं. शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्स असलेली व्यक्ती, घरून गोळी घेऊन निघते आणि नंबर लागेपर्यंत चांगली ऑन झालेली असते. किंवा तासभर ताटकळून ऑफ झालेली असते. "त्रास कधी होतो?" याला "दुपारी जास्त" एवढंच उत्तर मिळतं. सकाळची गोळी लवकर उतरते म्हणून दुपार वाईट जाते, की दुपारची गोळी उशिरा चढते म्हणून, हे त्या उत्तरातून कळत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मनगटावरचं यंत्र ही माहिती पुरवू शकतं, पण एका अटीवर: त्याची प्रत्येक नोंद गोळी घेतल्याच्या खऱ्या वेळेशी जोडलेली हवी. गोळीच्या वेळा नसलेला आलेख कितीही देखणा असला तरी त्यावरून औषध बदलता येत नाही.

या नोंदीवरून गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत. लेवोडोपा अचानक बंद केलं तर प्रचंड ताठरपणा, ताप आणि भ्रम असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. नोंद ठेवणं तुमचं काम, डोस बदलणं न्यूरॉलॉजिस्टचं.

आधी प्रश्न ठरवा

"सगळंच मोजू" म्हणून सुरुवात केली की आठवड्याच्या शेवटी हातात आकड्यांचा ढीग येतो आणि उत्तर एकही मिळत नाही. डॉक्टरांशी बोलून एक प्रश्न निवडा, फार तर दोन. उपयोगी प्रश्न असे असतात: गोळी घेतल्यापासून किती मिनिटांत लागू पडते? लागल्यावर किती वेळ टिकते? पुढच्या गोळीच्या किती आधी उतरते? जेवणानंतरची गोळी उशिरा लागते का? अंगाची वळवळ, म्हणजे डिस्कायनेशिया, गोळीच्या ऐन भरात होते की चढताना आणि उतरताना?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण घरी बऱ्याचदा कंप आणि डिस्कायनेशिया यांची गल्लत होते. कंप ठेक्यात असतो. पार्किन्सन्सचा विश्रांतीतला कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, एकाच लयीत होतो. डिस्कायनेशिया बेलय असतो. मान, खांदा, धड लवचीकपणे वळत राहतं. पहिला औषध कमी पडल्याची खूण असू शकते, दुसरा बहुधा औषध जास्त झाल्याची. शुभार्थीने "हलतंय" एवढंच सांगितलं आणि डॉक्टरांनी ते कंप समजून डोस वाढवला, तर त्रास दुप्पट होतो. म्हणून आठवड्यात दोन-तीनदा, "हलतंय" असं वाटेल तेव्हा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. बसलेलं पूर्ण शरीर चौकटीत हवं, आणि सुरुवातीला तोंडाने वेळ सांगा: "आत्ता अकरा वाजून वीस, गोळी सव्वानऊला घेतली." या एका मिनिटाची बरोबरी कुठलंही घड्याळ करू शकत नाही.

कोणतं यंत्र, आणि ते कुठे बांधायचं

पार्किन्सन्ससाठी मुद्दाम बनवलेली यंत्रं डॉक्टरांमार्फत मिळतात. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं पीकेजी हे त्यातलं सर्वांत परिचित. ते मनगटावर साधारण आठवडाभर राहतं, गोळीच्या वेळी थरथरून आठवण देतं आणि गोळी घेतल्यावर त्यावर अंगठा ठेवून नोंद करायची असते. दर दोन मिनिटांना ते मंदपणाचा आणि डिस्कायनेशियाचा अंक काढतं. स्पेनचं स्टॅट-ऑन कमरेला बांधतात, त्यामुळे चाल आणि पाय अडकणं त्याला चांगलं कळतं. ग्रीसच्या पीडीमॉनिटरचे पाच तुकडे असतात: दोन मनगटांवर, दोन घोट्यांपाशी, एक कमरेला. कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अशा पाच यंत्रांना सशर्त मान्यता दिली. वापरा, पण पुरावा गोळा करत राहा, अशी ती अट होती. सल्ला रास्त आहे. ही यंत्रं डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून चालतात, तिच्या जागी नाही.

ॲपल वॉचमध्ये कंप आणि डिस्कायनेशिया मिनिटागणिक ओळखणारी सोय आहे, पण ती आपोआप दिसत नाही. त्यासाठी परवानगी असलेलं वेगळं ॲप लागतं. स्ट्राइव्ह-पीडी हे असं एक ॲप. त्याला २०२२ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेची मंजुरी मिळाली. घड्याळ हा तपशील सातच दिवस साठवतं, त्यामुळे ॲपने तो वेळेवर उचलला नाही तर गेला. साध्या फिटनेस बँडला कंप कळत नाही. त्याच्याकडून फक्त हालचाल कमी-जास्त असण्याचा तास-तासाचा अंदाज आणि झोपेची ढोबळ वेळ मिळते. गोळीच्या वेळा नीट लिहिल्या तर तेवढ्यातूनही 'गोळी किती तास टिकते' याचा सुगावा लागू शकतो. महागडं यंत्र आणि रिकामी वही यांपेक्षा साधा बँड आणि चोख वही कधीही बरी.

मनगटावरचं यंत्र ज्या बाजूला त्रास जास्त, त्याच हातावर बांधा. सवयीने डाव्या हातावर घड्याळ घालणारे उजवी बाजू जास्त बाधित असूनही डावीकडेच बांधतात आणि आठवडा वाया जातो. जागा मनगटाच्या बाहेरच्या उंच हाडाच्या जरा वर, कोपराच्या दिशेला. पट्टा इतकाच घट्ट की खाली एक बोट जेमतेम सरकेल. सैल पट्ट्यात यंत्र स्वतंत्र डुलतं आणि नसलेला कंप दाखवतं. त्याच हातात बांगड्या, कडं, जाड धागा असेल तर आठवडाभर दुसऱ्या हातात घाला. रोज आंघोळीनंतर पट्ट्याखालची कातडी कोरडी पुसा. घामाने पुरळ उठलं की शुभार्थी तिसऱ्या दिवशी यंत्र काढून ठेवतो. मेंदूतल्या उत्तेजनाची, म्हणजे डीबीएसची शस्त्रक्रिया झालेली असेल तर चुंबकाचा पट्टा वापरू नका. डीबीएससाठी छातीत बसवलेल्या यंत्राजवळ चुंबक जाणं टाळायचं असतं.

आठवडा सुरू होण्याआधी

घरातली सगळी घड्याळं एका वेळेला आणा. आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे ठेवण्याची पद्धत आहे. गोळी त्यावर बघून लिहिली आणि यंत्र फोनच्या वेळेवर चाललं, तर गोळी लागू पडायला लागणाऱ्या पस्तीस मिनिटांत दहा मिनिटांची चूक शिरते. आठवडाभर गोळीची वेळ फक्त फोनवरून लिहायची, असा घरात नियम करा.

आठवडा साधा निवडा. लग्न, गणपती, प्रवास, ताप, दात काढणं, नवं औषध, यांतलं काही असेल तर पुढे ढकला. सलग सात दिवस घ्या म्हणजे शनिवार-रविवारही येतात. या काळात कोणतीही गोळी बदलायची नाही. पथ्यपाणीही नेहमीचंच ठेवा; 'आता मोजतायत' म्हणून शुभार्थी जास्त चालायला लागला तर ती नोंद त्याच्या खऱ्या आयुष्याची राहत नाही.

चार्जिंगची वेळ ठरवा. बहुतेकांना आंघोळीची वेळ सोयीची पडते, पण ती गोळीनंतरच्या पहिल्या तासात येत असेल तर बदला, कारण नेमका तोच तास आपल्याला हवा असतो. पहाटे लवकर उठणाऱ्यांनी रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीसमोर बसल्यावर चार्ज करावं.

सगळ्या औषधांची यादी काढा, आणि 'सगळ्या' म्हणजे खरंच सगळ्या. चक्कर येते म्हणून घेतलेलं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठी घेतलेलं मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन ही औषधं पार्किन्सन्सची लक्षणं वाढवतात. लोहाच्या गोळ्या लेवोडोपाचं शोषण कमी करतात. दम्याच्या सालब्युटामॉलने आणि फिटच्या व्हॅल्प्रोएटने हात थरथरू शकतात. आणि कंपवातासाठी म्हणून दिलं जाणारं खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण: त्यात लेवोडोपा नैसर्गिकरीत्या असतं. ते घेणं म्हणजे न मोजलेला जादा डोस घेणं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि वहीत त्याची वेळ गोळीइतक्याच काटेकोरपणे लिहा.

डोसची वही

एका दिवसाला एक पान. वर तारीख, उठण्याची आणि झोपण्याची वेळ. खाली प्रत्येक गोळीला एक ओळ: गोळीचं नाव आणि ताकद, प्रत्यक्ष घेतल्याची वेळ, शेवटचं खाणं कधी आणि काय, लागू पडल्याची वेळ, उतरल्याची वेळ. ठरलेली वेळ लिहू नका, घेतलेली लिहा. 'दुपारी १' असं सातही दिवस सुबक लिहिलेलं दिसलं की ती वही अंदाजाने भरली आहे हे अनुभवी डॉक्टर लगेच ओळखतात.

ताकद पूर्ण लिहा. एकाच नावाच्या गोळीचे चार-पाच प्रकार बाजारात असतात, १०० मि.ग्रॅ. लेवोडोपासोबत कार्बिडोपा कुठे १० मि.ग्रॅ., कुठे २५ मि.ग्रॅ. असतं, आणि सावकाश विरघळणारी गोळी वेगळीच. पाकिटाचा फोटो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला तर गोंधळच नको. सावकाश विरघळणारी गोळी चावली, कुटली किंवा पाण्यात विरघळवली तर तिचा संथपणा जातो. घरी तसं होत असेल तर तेही लिहा.

यापैकी तीन दिवस अर्ध्या तासाची सविस्तर नोंद ठेवा. जगभर वापरली जाणारी पद्धत अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट हाउझर यांची आहे. दर अर्ध्या तासाला पाचपैकी एक खूण करायची: झोप, ऑफ, वळवळीशिवाय ऑन, वळवळ आहे पण तिचा त्रास नाही, त्रासदायक वळवळ. मराठी वहीत झो, ऑफ, ऑन, व, त्रा एवढी अक्षरं पुरतात. खूण त्या अर्ध्या तासात बहुतांश वेळ जे होतं त्याची. तीनच दिवस का? चौथ्या दिवशी माणूस कंटाळतो आणि रात्री झोपताना दिवसभराच्या खुणा एकदम भरून टाकतो. अशा खुणा आठवणीतल्या सर्वांत वाईट तासाने रंगलेल्या असतात. शुभंकराने, म्हणजे काळजी घेणाऱ्याने, सुरुवातीचा एक दिवस सोबत बसून दोघांच्या खुणा जुळतात का पाहावं. ऑफ कशाला म्हणायचं यावर घरात एकमत नसेल तर पुढची सगळी नोंद ढासळते.

घड्याळ कुठे फसतं

यंत्राला फक्त हाताची हालचाल कळते, हेतू कळत नाही. दात घासणं, खोबरं खवणं, कणीक मळणं, जपमाळ ओढणं, भजनात टाळ वाजवणं हे सगळं ठेक्यातलं असल्याने कंप म्हणून नोंदलं जाऊ शकतं. रिक्षा, एसटी, दुचाकीचा मागचा दांडा यांचे हादरे मनगटात येतात. झोपाळ्यावर बसलं तर संथ झुलणं डिस्कायनेशिया म्हणून मोजलं जाऊ शकतं. उलट, पेपर वाचत किंवा मालिका पाहत तासभर स्थिर बसलं की यंत्र मंदपणा वाढल्याचं दाखवतं. दुपारची डुलकीही तशीच दिसते. या कामांची वेळ वहीच्या कडेला दोन शब्दांत लिहा: 'रिक्षा ५.१० ते ५.३०'. आकडे मांडताना ते तुकडे वगळायचे.

पावलांच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. पाय घासत चालणाऱ्याची पावलं बँड मोजत नाही. वॉकर धरला की हात हलतच नाहीत, त्यामुळे माणूस घरभर फिरला तरी आकडा तळाशी राहतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, ज्याला फ्रीझिंग म्हणतात, ते मनगटावरच्या यंत्राला जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी घोट्याजवळ किंवा कमरेला बांधायचं यंत्र लागतं. ते नसेल तर कुठे अडकतं हे लिहा: दारात, वळताना, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी, घाईने फोन घ्यायला उठताना. कंप असताना घड्याळावर काढलेला ईसीजीसुद्धा बिघडतो आणि हृदयाची लय चुकल्याचा खोटा इशारा देऊ शकतो. घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना नीट ईसीजी काढायला सांगा.

फोनने कंप मोजायचा असेल तर

खास यंत्र मिळत नसेल तर कंपापुरतं फोनवर भागतं. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमधल्या त्वरणमापकाची नोंद काढतं. त्यात गुरुत्वाकर्षण वजा केलेल्या त्वरणाचा प्रयोग आहे आणि त्वरणाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या लयीची हालचाल किती आहे याचा आलेख, दाखवणाराही आहे. दुसरा उघडा. मेनूतून ठरावीक वेळेची नोंद निवडून सुरुवातीला १० सेकंदांचा विलंब आणि ६० सेकंदांची नोंद लावा. फोन मनगटाजवळ हाताच्या मागच्या बाजूला क्रेप बँडेजने पक्का बांधा.

शुभार्थीने हात असलेल्या खुर्चीत बसून हात मांडीवर सैल सोडावेत आणि शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने आकडे म्हणावेत. मन गुंतलं की विश्रांतीतला कंप उघड होतो. नुसतं 'हात सैल ठेवा' म्हटलं तर कित्येकदा तो दबतो. मग दुसरी नोंद हात समोर ताणून. पार्किन्सन्सचा कंप हात ताणल्यावर काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो, म्हणून इथे किमान ३० सेकंद थांबा. इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे पार्किन्सन्सहून वेगळा कंपाचा आजार, असेल तर कंप हात ताणताच येतो आणि मांडीवर हात टेकले की बहुधा जातो. हा फरक डॉक्टरांना निदानातही उपयोगी पडतो.

वर्णपटात ४ ते ६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ६ वेळांच्या, दरम्यान एक टोकदार शिखर दिसेल. त्याच्या दुप्पट जागी, समजा ५ च्या जोडीला १० वर, छोटं शिखर दिसलं तर तो दुसरा आजार नाही. ती त्याच लयीची पटीतली सावली आहे. १ हर्ट्झच्या खालचा उंचवटा म्हणजे नुसतं अंग हलवणं. १ ते ४ च्या दरम्यान शिखर नसून पसरट फुगवटा असेल तर ती वळवळ असू शकते; व्हिडिओशी ताडून पाहा.

त्वरणाचा आकडा थेट 'कंप किती मोठा' असा वाचू नका, कारण तो लयीच्या वर्गावर अवलंबून असतो. ५ हर्ट्झच्या कंपात १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं कमाल त्वरण म्हणजे हात मधल्या जागेपासून साधारण १ मिलिमीटर हलणं. तेच त्वरण अडीच हर्ट्झला आलं तर हलणं चौपट. फोनच्या वजनाने कंप थोडा दबतोही. म्हणून फोन, बांधण्याची जागा आणि खुर्ची दर वेळी तीच ठेवा, आणि दोन माणसांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. दिवसातून चार वेळा पुरे: गोळीच्या आधी, नंतर एक तासाने, तीन तासांनी, आणि पुढच्या गोळीच्या आधी. प्रत्येक वेळी तीन नोंदी घेऊन मधली धरा. कोणी पाहतंय या ताणानेच पहिली नोंद वाढलेली येते.

आकडे मांडणं

दिवसाचा आलेख वरवर पाहण्यापेक्षा प्रत्येक गोळीभोवती आकडे गोळा करणं हे या कामाचं मर्म आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक गोळीला एक ओळ द्या. रकाने असे: तारीख, कितवी गोळी, घेतल्याची वेळ, आधीच्या खाण्याला किती मिनिटं झाली, आणि मग गोळीच्या अर्धा तास आधीपासून चार तास नंतरपर्यंत दर अर्ध्या तासाचा यंत्राचा अंक. म्हणजे अंकांचे दहा रकाने. चार गोळ्या आणि सात दिवस धरले तर २८ ओळी होतात. रिक्षा, डुलकी, चार्जिंग यांच्या जागा शून्याने भरू नका, कोऱ्या सोडा. शून्य भरलं की सरासरी खोटी पडते.

मग सकाळच्या सातही गोळ्या एकत्र करून प्रत्येक रकान्याचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. एक्सेलचं मीडियन हे सूत्र वापरा, सरासरी नको. एखादा वाईट दिवस सरासरी ओढून नेतो, मध्यकाला फारसा हलवत नाही. दुपारच्या, संध्याकाळच्या गोळ्यांचंही तसंच. प्रत्येक गोळीची एक रेषा तयार होईल. ती कधी खाली येते, कधी वर जाते, यावरून लागू पडण्याची आणि उतरण्याची वेळ वाचता येते. पीकेजीसारख्या यंत्राच्या अहवालात हे काम झालेलं असतं आणि सोबत निरोगी माणसांची रेषाही छापलेली असते.

बिघडलेला दिवस मात्र फेकून देऊ नका. सात दिवसांपैकी दोन दिवस सकाळची गोळी उशिरा लागली आणि त्या दोन्ही दिवशी पोट साफ झालं नव्हतं, तर उत्तर बहुधा तिथेच आहे. बद्धकोष्ठ आणि मंद जठर असताना गोळी पोटातच रेंगाळते; लेवोडोपा शोषलं जातं ते पुढे लहान आतड्यात.

एक उदाहरण

हे आकडे पद्धत समजावण्यासाठी मांडले आहेत. शुभार्थी ६.३० ला उठतो, रात्री १०.३० ला झोपतो, म्हणजे जागेपणी १६ तास. गोळ्या ७.००, १२.३० आणि संध्याकाळी ६.०० ला. जेवण सव्वाबाराला: भात, वरण, उसळ, दही.

मध्यक असे आले. सकाळची गोळी ७.३५ ला लागू पडते, १०.४० ला उतरते. दुपारची १.५० ला लागते, ४.१० ला उतरते. संध्याकाळची ६.४० ला लागते, ९.३० ला उतरते. ऑनचा वेळ अनुक्रमे ३ तास ५ मिनिटं, २ तास २० मिनिटं आणि २ तास ५० मिनिटं, एकूण सव्वाआठ तास. उरलेले पावणेआठ तास ऑफ.

'दुपारी त्रास' म्हणजे प्रत्यक्षात १०.४० ते १.५०, सलग तीन तास दहा मिनिटं. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. सकाळची गोळी साधारण तीन तास काम करते आणि पुढची साडेपाच तासांनी येते, ही पहिली. दुसरी, इतर दोन गोळ्या ३५-४० मिनिटांत लागत असताना दुपारची ८० मिनिटं घेते. कारण ताटात आहे. उसळ, वरण, दह्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर लेवोडोपाच्याच वाटेने आत जातात, त्यामुळे गोळीला रांगेत थांबावं लागतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने, हा नियम यासाठीच आहे. प्रथिनं बंद करायची नाहीत, वजन उतरेल, जागा बदलायची. इथे डॉक्टरांना विचारून गोळी १२.३० लाच ठेवायची आणि जेवण सव्वाएकला न्यायचं. डोसला हात न लावता ऑफचा अर्धा-पाऊण तास वाचण्याची ही संधी आहे. मग उरतं दोन गोळ्यांमधलं अंतर, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

आकृतीत काय दिसू शकतं

प्रत्येक गोळीनंतर सुधारणा आणि पुढच्या गोळीआधी घसरण, अशी करवतीच्या दात्यांसारखी रेषा असेल तर औषध उतरतंय. डॉक्टर गोळ्यांमधलं अंतर कमी करू शकतात किंवा एन्टाकापोन, रसाजिलिन, सॅफिनामाइड यांसारखं परिणाम लांबवणारं औषध जोडू शकतात. वळवळ गोळीनंतर तास-दीड तासाने टोक गाठत असेल तर एका वेळचा डोस लहान करून वेळा वाढवणं किंवा वळवळ कमी करणारं अमँटाडिन, हे पर्याय असतात. वळवळ चढताना आणि उतरताना अशी दोनदा, आणि मधे चांगली ऑन, असं असेल तर डोस कमी केल्याने उलट बिघडू शकतं. म्हणूनच ती वेळ नेमकी लिहून न्यायची. रेषा दिवसभर सपाट आणि वाईट असेल तर औषध कमी पडतंय, किंवा शोषलं जात नाही, किंवा निदानाचाच फेरविचार हवा.

रोज पाच किंवा अधिक वेळा लेवोडोपा, दोन तास किंवा अधिक ऑफ, एक तास किंवा अधिक त्रासदायक वळवळ: यांपैकी काहीही असेल तर डीबीएस किंवा पंपाने औषध देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ आली आहे, असं तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेलं आहे. '५-२-१' म्हणून हे लक्षात ठेवता येतं. तुमच्या वहीतून हे तिन्ही आकडे सरळ निघतात.

दोन-चार दिवसांत सगळं एकदम ढासळलं तर तो आजार पुढे सरकल्याचा पुरावा मानू नका. पार्किन्सन्स इतक्या घाईने वाढत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, पोट न साफ होणं, नवं औषध किंवा चुकलेल्या गोळ्या शोधा, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

घड्याळाला जे दिसत नाही

ऑफमध्ये पुष्कळांना हालचालीआधी घाबरं होतं, घाम फुटतो, मन खचतं, खांदा दुखतो. यंत्राला यातलं काहीच कळत नाही, आणि शुभार्थीला कित्येकदा याचाच जाच जास्त असतो. भास होणं, खरेदीचा किंवा जुगाराचा अनावर नाद लागणं, दिवसा अचानक झोप लागणं हेही लिहा. काही औषधांचे हे परिणाम असतात आणि घरचे संकोचाने बोलत नाहीत. आठवड्यात दोन सकाळी रक्तदाब मोजा: पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते ठळक लिहा, कारण गोळी वाढवली की हा उतार वाढू शकतो आणि पडण्याचा धोका वाढतो. उभं करताना कोणीतरी शेजारी हवं.

डॉक्टरांपुढे एक पान

सात दिवसांचे आलेख फोनवर सरकवत दाखवू नका. ओपीडीत तेवढा वेळ नसतो. एका कागदावर वरच्या ओळीत तुमचा प्रश्न लिहा. त्याखाली प्रत्येक गोळीसाठी तीन आकडे: किती मिनिटांत लागते, किती वेळ टिकते, पुढच्या गोळीच्या किती आधी उतरते. मग दिवसाचे एकूण ऑन, ऑफ आणि त्रासदायक वळवळीचे तास, रक्तदाब, पडण्याच्या घटना, सगळ्या औषधांची यादी. वही आणि व्हिडिओ सोबत ठेवा, मागितले तर दाखवा. यंत्र आणि वही यांच्यात तफावत असेल तर लपवू नका. वहीत ऑन आणि यंत्रात मंदपणा, असं असेल तर कदाचित त्या मंदपणाची इतकी सवय झाली आहे की तोच नेहमीचा वाटतो. डॉक्टरांसाठी ही मोठी माहिती आहे. पहिल्यांदा वही ठेवणाऱ्यांना पार्किन्सन्स मित्रमंडळ, पुणे यांसारख्या गटात ती कशी भरायची हे अनुभवी शुभंकरांकडून शिकता येईल.

बदल सुचवला गेला की एका वेळी एकच करा. जेवणाची वेळ आणि नवं औषध एकाच आठवड्यात बदललं तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. तीन-चार आठवडे स्थिरावल्यावर तोच हात, तेच यंत्र, तीच वही घेऊन पुन्हा सात दिवस मोजा आणि पहिल्या आठवड्याच्या मध्यकांशेजारी नवे मांडा. मधल्या काळात यंत्र काढून ठेवा. रोज आकडा पाहत राहिलं की चिंता वाढते, चिंतेने कंप वाढतो आणि वाढलेल्या कंपाचा आकडा पाहून पुन्हा चिंता. पुढची तपासणी तीन महिन्यांनी असेल तर पुढची नोंद तिच्या आधीच्या दोन आठवड्यांत येईल अशी तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.